ठकीचं बाळंतपण

लग्न होऊन मी भिंगारच्या घरात आले, उंबऱ्यावरचं माप ओलांडलं आणि डोक्यावरचा पदर सावरते आहे तोच कुणीतरी माझ्या कानाशी लागून विचारलं, "काय गं, तुमच्या पुणतांब्याला गोदावरीत मगरी हायत म्हणं. खरं का?" बाकीच्या बायका माझ्या अंगावरचे दागिने न्याहाळत होत्या. मी घाबरून म्हटलं, "आहेत म्हणतात. मी नाही बघितल्या." त्यावर, "नदीकाठी राहून बघितल्या न्हाईत?" असं म्हणून त्या बाई माझ्याकडे इतक्या निराशेनं बघत राहिल्या की मला वाटलं, आता सोयरीक मोडते. त्या माझ्या वन्सं, आमच्या यजमानांच्या थोरल्या बहीण.

त्यांना श्रीगोंद्याला दिलं होतं. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि वन्सं एक ट्रंक घेऊन माहेरी परतल्या. अशी बाई घरात असली की तिनं खालच्या मानेनं वावरायचं, असा तेव्हाचा रिवाज. वन्संची मान खाली असायची ती फक्त मुंग्यांची रांग बघताना. सवतीबद्दल मी एकदा भीतभीत विचारलं तर म्हणाल्या, "पोर चांगली हुती गं. निघताना तिला विचारलं, तुला अंधाराचं भ्या वाटतं का? व्हय म्हनली. मग माझा कंदील तिला देऊन आले." नवऱ्याबद्दल मात्र त्यांनी कधी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"बघूया तरी" हे त्यांचं पालुपद. चुना जिभेला का झोंबतो? बघूया तरी, म्हणून त्यांनी तो चाटला आणि दोन दिवस पातळ भातावर काढले. घड्याळाच्या पोटात कोण टिकटिक करतं तेही त्यांनी बघितलं, आणि मग आमचे हे छावणीतल्या कचेरीत उशिरा पोचू लागले. सासूबाई कपाळावर हात मारून म्हणत, "देवानं हिला डोकं देताना झाकन द्यायचं राहिलं." पण त्यांच्या आवाजात राग कमी आणि सवय जास्त असे.

ठकीची आणि माझी ओळख झाली ती न्हाणीघरात. सकाळी अंघोळीला गेले तर बंबाच्या उबेला हातभर लांबीची एक घोरपड निवांत पसरली होती आणि दुभंगलेली जीभ बाहेर काढून माझा वास घेत होती. मी जी किंचाळले ती शेजारच्या आळीत ऐकू गेली म्हणतात. वन्सं धावत आल्या आणि त्यांनी आधी तिलाच विचारलं, "घाबरलीस का गं ठके?" मला विचारायचं त्यांना सुचलंच नाही. तीन पावसाळ्यांपूर्वी जळणाच्या मोळीतून वीतभर पिल्लू निघालं होतं, ते त्यांनी हरभऱ्याच्या पाटीखाली ठेवून वाढवलं होतं. पाटीखालून ती लाकडांच्या खोलीत गेली, तिथून परसात, आणि आता साऱ्या घरावर तिचा हक्क होता. घरात एक उंदीर राहिला नव्हता, म्हणून सासूबाई गप्प होत्या. त्या घरातली भांडी सासूबाईंची, खोल्या भावाच्या, कपाटातली लुगडी माझी. वन्संची म्हणावी अशी एवढी एक ठकीच होती.

लढाईचे दिवस होते. भिंगारच्या रस्त्यांवरून लष्कराच्या लॉऱ्या आणि खेचरांच्या रांगा सारख्या चाललेल्या असत. पौषातल्या एका सकाळी ठकी उन्हाला म्हणून परसाच्या भिंतीवर चढली आणि पलीकडे पडली. पलीकडे कुत्रं होतं. वन्सं चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धावल्या, कुत्रं पळालं, पण ठकीचा मागचा पाय चिंधीसारखा लोंबत होता आणि मांडीवर दाताची मोठी जखम होती. वन्संनी तिला पदरात उचललं. त्या रडल्या नाहीत. फक्त मला म्हणाल्या, "शांते, हिला नीट करनारं कोन असंल? इचारूया तरी."

तेव्हा मला कळलं की घोरपडीला आमच्या मुलखात फार मागणी आहे, पण मेलेल्या, जिवंत नव्हे. बाजारात हाडं बसवणारा म्हातारा होता. त्यानं पाय बघितला, शेपटी चाचपली आणि खुशीत म्हणाला, "लई चरबी हाय. हिचं त्याल काडा आक्का, तुमच्या आईच्या गुडघ्याला धा वर्सं पुरंल." खंडोबाचं जागरण घालणारा एक वाघ्या आमच्याच आळीत राहायचा. त्याच्या दिमडीचं कातडं फाटलं होतं आणि दिमडीला घोरपडीचंच कातडं लागतं. तो बिचारा समाचाराला आल्यासारखा दारात येऊन बसला आणि मधूनमधून विचारू लागला, "कसं हाय आता? जाईल का?" वन्संनी त्याला गुळाचा खडा आणि पाणी दिलं, आणि दिमडीला घोरपडच का, शेळी का चालत नाही, हे सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "आता उठा. ही काय इतक्यात जात न्हाई." नगरला गुरांचा सरकारी दवाखाना होता, पण तिथले डॉक्टर खुरकतीची साथ आली म्हणून खेडोपाडी फिरतीवर गेले होते.

राहिला लष्कराचा जनावरांचा दवाखाना. तिथं घोडे आणि खेचरं, तीही सरकारी. आमच्या घरच्यांनी सांगितलं, "तिथं परकं माणूस फाटकाशी उभं करत नाहीत आणि तुम्ही बायका." वन्संनी ऐकून घेतलं, ठकीला हरभऱ्याच्या पाटीत घोंगडीखाली ठेवलं आणि टांगा बोलावला. मी का बरोबर गेले ते मला अजून नीट सांगता येणार नाही. टांगेवाला चाचा सारखा मागं बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "बाई, पाटीत काय हाय? माझा घोडा बिचकतोय." वन्सं म्हणाल्या, "आजारी मानूस हाय." चाचानं पाटीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि घोड्याला चाबूक ओढला.

फाटकावरच्या शिपायानं आडवी काठी धरली. सरकारी जनावर असेल तरच आत. वन्सं भांडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्यांनी विचारलं, "आत किती खेचरं हायत, बाबा?" त्यानं काठी आणखी घट्ट धरली. "त्यास्नी नावं असत्यात का? नाव न्हाई तर हाका कशा मारता? खेचराला पोरं हुत न्हाईत म्हनत्यात, मग त्याला काय वाटतं?" शिपाई आधी चिडला, मग हसू दाबू लागला आणि शेवटी काठी बगलेत धरून कुठलं खेचर कसं लाथा मारतं ते सांगू लागला. तेवढ्यात आतून एक डॉक्टर साहेब आले. नागपूरकडचे होते, खाकी कपडे, हाताला आयोडिनचे डाग. हा काय घोळका म्हणून ते रागावणारच होते, इतक्यात वन्संनी घोंगडी बाजूला केली.

साहेब खाली वाकले आणि तसेच वाकून राहिले. "ही पाळलेली आहे?" एवढंच म्हणाले. मग आत घेऊन गेले. टेबलावर ठेवल्यावर त्यांनी खरं ते सांगून टाकलं, "बाई, घोड्याचा पाय मोडला तर आम्ही त्याला गोळी घालतो. मोडका पाय बसवायची माझी सवयच गेली आहे. आणि हे जनावर तर मी कधी हातात धरलेलं नाही."

"मग आज धरा," वन्सं म्हणाल्या. "मी डोकं धरते, तुमी पाय धरा."

तशीच वाटणी झाली. साहेबांनी जखम धुतली, पाय सरळ केला, बांबूची पातळ काडी लावून पट्टी बांधली. त्यांना वन्सं एकेक विचारत होत्या आणि तेही वन्संना विचारत होते: काय खाते, कधी झोपते, कात टाकते का. एकमेकांना प्रश्न विचारणारी दोन माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आमच्या घरात एकजण विचारी आणि बाकीचे वैतागत. शेवटी साहेब म्हणाले, "अंग गार पडलंय. हिच्या अंगात स्वतःची ऊब नसते, बाहेरून द्यावी लागते. ह्या थंडीत ऊब मिळाली तर खाईल, खाल्लं तर जगेल."

"अंगात ऊब न्हाई, मग राग कुटनं येतो?" वन्संनी विचारलं. साहेब हसले आणि हात धुवायला लागले.

आता ऊब द्यायची म्हणजे काय करायचं? आमच्या घरात ती एकाच प्रकारे द्यायची माहीत होती. बाळंतिणीला देतात तशी. वन्संनी माळ्यावरची बाज मागितली मात्र, सासूबाईंचा पारा चढला. त्या बाजेवर त्यांची सगळी मुलं झाली होती. "सुनंच्या आदी घोरपडीचं बाळातपन? लोकं त्वांडात श्यान घालतील! तू त्या बाजंवर कदी..." वन्सं दाराशी उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मी त्यापूर्वी आणि त्यानंतर कधी तसा बघितला नाही. मला काय झालं कोण जाणे. मी पदर खोचला, शिडी लावली आणि बाज खाली काढली. म्हटलं, "माझ्यासाठीच ठेवली आहे ना? मग मी दिली." सासूबाईंना उलट बोलण्याची ती माझी पहिली वेळ.

सासूबाई पाठ करून स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही दोघींनी अंधाऱ्या खोलीत बाज टाकली, वर घोंगडी, खाली शेगडी. निखारे जास्त झाले, धूर कोंडला, ठकीनं डोळे मिटले. आम्ही पदरानं वारा घालतो आहोत तोच सासूबाई आत आल्या. "सरका. बाळातपन कंदी केलंय का दोघींनी? शेगडी डोक्याकडं न्हाई, कमरेखाली. राख घाला वर. आन ववा कुटं हाय?" मग ओव्याची धुरी झाली, दाराला जाड पडदा लागला. "कान बांदा, वारं भरंल," असा हुकूम सुटला. वन्सं म्हणाल्या, "आई, हिचे कान कुटं हायत ते आदी बघूया तरी." मग आम्ही तिघी कंदील धरून घोरपडीचे कान शोधत बसलो. डोळ्यांच्या मागं दोन भोकं सापडली, तेव्हा सासूबाईंनाच सर्वांत जास्त आनंद झाला.

ठकी खाईना. अंडं फोडून ठेवलं, खिम्याची गोळी ठेवली, झुरळ धरून ठेवलं. वन्सं बाजेशेजारी जमिनीवर बसून राहिल्या. प्रश्न विचारणं बंद झालं आणि घर कसं ओसाड वाटू लागलं. वाघ्या दोनदा येऊन डोकावून गेला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी तीळ भाजत होते, तेव्हा आतून वन्संची हाक आली, "शांते, जीभ काडली!" आम्ही धावलो. ठकीनं अंड्याला जीभ लावली, थांबली, परत लावली, आणि सगळं अंडं चाटून पुसून खाल्लं. सासूबाई म्हणाल्या, "आता डिंकाचा लाडू द्यावा का?" आणि त्या थट्टा करत नव्हत्या.

पाय वाकडा राहिला, पण ती चालू लागली. डॉक्टर साहेब एकदा मुद्दाम बघायला आले. चहा घेताना वन्संना म्हणाले, "नगरला मिशनच्या दवाखान्यात बायकांना सुईणीचं शिकवतात. तुमच्यासारखं विचारणारं माणूस तिथं हवं." सासूबाई पटकन म्हणाल्या, "मूल न झालेल्या बाईच्या हातनं कोन बाळात हुईल, सायेब?" वन्सं कप उचलून आत गेल्या. पण निघताना साहेबांनी त्यांना हाक मारून आणखी एक विचारलं, "मोकळी सोडली तर ही जाते कुठं?" आणि वन्संना ते माहीत नव्हतं. ठकीबद्दल त्यांना माहीत नव्हती अशी तेवढी एकच गोष्ट निघाली.

चैत्रात ऊन तापलं आणि ठकी दाराला नखं मारू लागली. दिवसचे दिवस ती दार ओरबाडत होती. एका दुपारी वन्संनी कडी काढली आणि म्हणाल्या, "बघूया तरी, कुटं जाती." ठकी नाल्याच्या दिशेनं निघाली, वन्सं तिच्या मागं. दिवेलागणीला त्या एकट्याच परत आल्या, पायांत काटे, डोक्यावर पदर नाही. मी त्यांना पाणी दिलं, विचारलं, "रडलात का?"

"न्हाई गं. वारुळापाशी गेली, आत शिरली. येकदा पन मागं वळून बघितलं न्हाई." पायातला काटा उपटत म्हणाल्या, "मला त्येच बघायचं हुतं. असं जाता येतं का ते."

जूनमध्ये त्या मिशनच्या दवाखान्यात शिकायला गेल्या. नगर म्हणजे आमच्यापासून कोसभर, पण आमच्या घरातली बाई स्वतःच्या मनानं तेवढंही कधी गेली नव्हती. पुढं त्यांनी गोदाकाठच्या खेड्यांतून कितीतरी पोरं जगात आणली, आणि बायका त्यांना दुरून बोलावू धाडत. आमच्याकडे राहायला म्हणून त्या परत कधीच आल्या नाहीत. आल्या त्या दोन दिवसांच्या पाहुण्या म्हणून. मला त्यांचा अभिमान वाटे आणि घर रिकामं केलं म्हणून रागही येई. प्रश्नांशिवाय घर चालवायचं मला जमलंच नाही. माझ्या मुलांनी काहीही विचारलं तर मी हातातलं काम टाकून बसते, ती खोड त्यांचीच.

जूनमध्ये वन्सं निघाल्या त्या दिवशी टांग्यात ट्रंक चढली. यजमान कचेरीत गेले होते, मुद्दामच असणार. मी आणि सासूबाई दारात उभ्या होतो. टांगा आळीतून बाहेर पडेपर्यंत वन्सं वळून वळून आमच्याकडे बघत होत्या, वळणावर तर अर्ध्या बाहेर वाकल्या. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बघ कशी माघारी बघतीया. येवढी मागं मागं हिंडली, पन घोरपडीचं पुरतं शिकली न्हाई."