ताणावरची बाग

पांढुर्ण्याच्या स्टेशनावर त्या दिवशी माझ्या गळ्यात एवढे हार पडले होते की मला माझे स्वतःचे पाय दिसत नव्हते. भोपाळला शपथविधी होता. मोहगावच्या संत्रेवाल्याचा पोरगा राज्यमंत्री होणार म्हणून सौंसरहून ट्रॅक्टर भरभरून माणसं आली होती. बँड होता, गुलाल होता. बाबूजी, म्हणजे माझे वडील, या सगळ्यापासून लांब, फलाटावरच्या नळाजवळ उभे होते. हातात संत्र्यांची पिशवी. कुणीतरी त्यांना पुढे ढकललं, तेव्हा पिशवी माझ्या हातात देत ते कानाशी आले आणि म्हणाले, "तिथं तुले नाही म्हननारा कोनी रायनार नाही, बबन. सांभाळून राह्यजो."

मी हसलो. मंत्र्याला कोणी नाही म्हणणार नाही, ही काय काळजी करायची गोष्ट झाली?

गाडी हलली. मी डब्याच्या दारात उभा राहून हात हलवत होतो. माझा दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो गाडीबरोबर पळत पळत ओरडला, "आत हो रे बैला! खांबाले धडकशीन!" सगळा फलाट हसला. मी आत झालो, पण माझे कान तापले होते. बैतूल यायच्या आत मी सोबतच्या माणसाला सांगितलं, की दादाला जरा समजावा, आता चारचौघांत मला असं बोलत जाऊ नका म्हणावं. तो म्हणाला, "जी सर."

त्यानं निरोप पोचवला. दोन महिन्यांनी लाल दिव्याच्या गाडीतून मी अंगणात उतरलो, तर दादा हात जोडून पुढे आला आणि म्हणाला, "या साहेब." मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. त्या दिवसापासून तो मला 'तुमी' म्हणू लागला आणि माझं कुठलंच बोलणं त्यानं कधी खोडलं नाही. ज्या दादानं मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं, त्याला मी एका निरोपावर गमावलं. माणूस जिवंत असताना असा गेला की त्याचं सुतकही पाळता येत नाही.

माझ्याकडे वीज खातं होतं. गावाला काहीतरी द्यावं असं मनापासून वाटत होतं, यात खोटं काही नाही. आमच्या शिवारात तेव्हा वीज येई ती पाहुण्यासारखी, यायची खात्री नाही आणि आली तर लगेच निघायची घाई. मी शेतीपंपांसाठी वेगळा फीडर, म्हणजे स्वतंत्र वीजवाहिनी, मंजूर करून घेतला. उद्घाटन ऐन थंडीत ठेवलं, कारण मला तीच तारीख सोयीची होती. पहिला पंप बाबूजींच्या विहिरीवरचा सुरू करायचा, बाप आणि लेक पाण्याच्या धारेजवळ उभे, असा फोटो माझ्या पी.ए.नं आधीच ठरवून टाकला होता.

ज्यांना संत्र्याची बाग माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. थंडीत आम्ही बागेचं पाणी तोडतो. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, गळायला लागतात, बाहेरच्या माणसाला वाटतं बाग गेली. मग दिवस भरले की पाणी सोडायचं. तहानलेलं झाड त्या पाण्यावर नुसतं फुलून येतं, आणि वर्षाचं फळ त्याच फुलांतून होतं. ताण भरायच्या आधी पाणी दिलं, तर झाडाला भरघोस पालवी फुटते, फूल येत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. भोपाळच्या दोन वर्षांत मी ते विसरलो.

मी बटण दाबलं. धो धो पाणी आलं, टाळ्या पडल्या. बाबूजी पी.ए.ला काहीतरी सांगू पाहत होते आणि तो म्हणत होता, "बाबूजी, बस दो मिनट, फोटो हो जाए." पण फोटोनंतर भाषणं झाली, भाषणांनंतर मांडवात जेवणं झाली, आणि मंत्र्यानं सुरू केलेली मोटर मंत्र्यासमोर बंद कोण करणार? कोरड्या दांडातून, म्हणजे पाण्याच्या पाटातून, पाणी झाडाझाडाच्या आळ्यात भरत गेलं. दुपारपर्यंत अर्धी बाग भिजली. मी जिलेबी खात होतो. दादा बांधावर उभा राहून बघत होता, आणि एक शब्द बोलला नाही.

पुढे फोनवर मी विचारलं, "बहार कसा आहे?" बाबूजी म्हणाले, "बरा आहे." मी पुढच्या फाइलीला लागलो.

खरी गोष्ट मला कळली ती बाबूजींच्या तेराव्याला, वहिनीकडून. "त्या सालची बाग अशी हिरवीगार झाली होती भाऊजी, लोक थांबून पाहेत. पन एक फूल नाही आलं अर्ध्या बागेले. बाबूजीनं आमाले शपथ घातली होती, बबनले सांगाचं नाही, त्याले वाईट वाटन." वहिनी सहज बोलून गेली आणि पंगतीकडे वळली.

तोवर माझं मंत्रिपद गेलं होतं. पुढच्याच निवडणुकीत लोकांनी मला घरी बसवलं. पण घरी म्हणजे मोहगावला नव्हे. मी भोपाळलाच राहिलो. वीज खात्यात चार गोष्टी शिकलो होतो, त्यावर कंपनी काढली: मनोरे उभारायचे, तारा ओढायच्या, सबस्टेशनं बांधायची, नंतर शहरांच्या पाणीपुरवठ्याची टेंडरं. खात्यातल्या ओळखी कामी आल्या असं लोक म्हणतात. आल्याच. मोहगावच्या रस्त्यावर कापसाच्या बैलगाडीत झोपणारा मी आता विमानात झोपू लागलो. मुलं मोठी झाली, एक बंगळुरूला आणि एक कॅनडात गेली. तीन वर्षांपूर्वी बायको गेली. आता बंगल्यात मी आणि स्वयंपाकी. तो रोज विचारतो, "सर, खाने में क्या बनाऊँ?" मी म्हणतो, "कुछ भी." तो खरंच काहीही बनवतो आणि मी मुकाट्यानं खातो. बोर्डाच्या मीटिंगमध्ये अकरा माणसं माझ्या प्रत्येक वाक्यावर मान हलवतात. त्या अकरा माणसांत मला जितकं एकटं वाटतं, तितकं रिकाम्या बंगल्यातही वाटत नाही.

बाबूजींच्या नावानं सौंसरला दवाखाना बांधला, तो याच काळात. लोक म्हणतात मोठं दान केलं. खरं सांगू? मला गावी परत यायला कारण हवं होतं. नुसतं यायला लाज वाटत होती. उद्घाटनाला दादा पहिल्या रांगेत बसला होता. मी विचारलं, "कसा झाला?" तो म्हणाला, "छान झाला साहेब." जामसांवलीच्या मारुतीलासुद्धा दादा दर शनिवारी जाऊन मोकळेपणानं गाऱ्हाणं सांगतो, आणि मला फक्त छान.

दोन वर्षांनी वहिनीचं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन त्याच दवाखान्यात झालं. मी तेव्हा परदेशात होतो. परतल्यावर बघायला गेलो, तेव्हा तिनं सांगितलं की दादा पहिल्या दिवशी तिला भेटायला आला आणि बाहेर कडुनिंबाखाली बसून राहिला. आत सोडायची वेळ संध्याकाळी पाच ते सात. मोहगावची शेवटची गाडी साडेचारला. त्यानं गाडी सोडली, बायकोला भेटला आणि रात्र बसस्टँडच्या बाकावर काढली. अडुसष्ट वर्षांचा माणूस! ज्याच्या बापाचं नाव त्या इमारतीवर दोन हात उंच अक्षरांत आहे!

मी तडक दादाकडे गेलो. "दादा, तुम्ही कोणाचे आहात एवढं सांगायचं होतं ना गेटवर?"

"तुमचा नियम होता साहेब. माह्याचसाठी कसा मोडाव? बाकीचे बी तं बसले होते कडुनिंबाखाली."

बाकीचेही! दोन वर्षं खेड्यापाड्यांची माणसं शेवटची गाडी सोडून बसत होती, आणि माझा मॅनेजर मला दर महिन्याला लिहून पाठवत होता की सर, सब बढ़िया चल रहा है. भेटीची वेळ मी त्याच दिवशी दुपारवर आणली. पण वेळ बदलून मन काही हलकं झालं नाही. बागेच्या वेळी बाबूजी बोलले नाहीत, दवाखान्याच्या वेळी दादा बोलला नाही. फलाटावर कानात सांगितलेलं ते वाक्य मला तेव्हा खऱ्या अर्थानं कळलं.

यंदाच्या थंडीत मी कुणाला न कळवता मोहगावला आलो. बॅग ठेवली आणि म्हणालो, राहणार आहे. वहिनी म्हणाली, "राहा ना, घर का कोनाचं परकं आहे?" दादा म्हणाला, "तुमची मर्जी." पहिले आठ दिवस त्यानं मला खाटेवरून हलू दिलं नाही. पाहुण्यासारखा चहा येई. गावातून जे माझ्यासारखे नागपूर, पुणे, भोपाळला गेलेत त्यांना हे ठाऊक असेल, आपल्याच ओसरीवर आपल्यासाठी वेगळा कप निघतो, तेव्हा काय वाटतं.

नवव्या दिवशी सकाळी एकटाच बागेत गेलो. विहिरीजवळच्या पेटीत स्टार्टरची एक वायर ढिली होऊन लोंबत होती. आयुष्यभर हाच धंदा केला, हात शिवशिवले. मेन स्विच खाली पाडला, खिशातल्या चाकूनं वायर नीट बसवली, स्विच वर केला. आता मोटर चालते का बघू, म्हणून हिरव्या बटणाकडे बोट नेलं.

"हात काढ! ए बबन! हात काढ म्हनतो ना!"

बांधावरून दादा काठी उगारून येत होता. त्या वयात, धोतर सावरत, अक्षरशः धावत. "बाग ताणावर आहे, दिसून नाही राहिलं तुले? डोळे भोपाळले ठेवून आला का? मंत्री झाला, कंपनी काढली, दवाखाना बांधला, अन् अक्कल काही आली नाही बैलाले! अजून वीस दिवस आहेत पान्याले!"

मी हात मागे घेतला. झाडं मलूल उभी होती, आळ्यांत पिवळी पानं पडलेली. माझं लक्ष नव्हतं. दादा जवळ येऊन धापा टाकत थांबला आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं असावं. काठी खाली केली. "म्हंजे... मी म्हटलं, साहेब..."

"दादा, अजून बोल ना," मी म्हणालो. "त्या दिवशी फीडरच्या वेळी का नाही ओरडलास रे?"

"तूच तं निरोप धाडला होता," तो म्हणाला.

मी त्याची माफी मागितली. नीट मागता आली नाही, मध्येच हुंदका आला. त्यानं खांद्यावरचा पंचा काढून माझ्याकडे फेकला. "काऊन रडून राहिला आता? पुस तोंड. घरी जा, तुही वहिनी भाकर टाकून राहिली."

भोपाळला माझा बंगला आहे, त्यात किती बटणं आहेत ते मलाही माहीत नाही. त्यातलं कुठलंही दाबलं, तरी ओरडायला कोणी नाही. या वयात मला घर म्हणजे एवढंच समजतं: जिथं माझा हात चुकीच्या बटणाकडे गेला, तर कुणीतरी बांधावरून धावत येईल.

मी पंचा घेऊन निघालो. दहा पावलं गेलो नसेन, तो मागून आवाज आला, "तिकून नको जाऊ रे, काटे आहेत! दांडातून जा!"

मी दांडातून गेलो.