विडी आणायला कोण जातं?

भांडुपच्या आमच्या शाळेत मुलं तपासायला, लस टोचायला एक सिस्टर यायच्या. "आज आईने काय भाजी केली रे?" असं त्या विचारायच्या आणि मुलगा आठवेपर्यंत सुई टोचून झालेली असायची. मुलांना विडी-सिगारेटबद्दल दोन शब्द सांगा, म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे लागले होते. "बाई, ते आमच्या कामात येत नाही हो," एवढंच त्या म्हणायच्या.

शेवटी एकदा माझ्या तिसरीच्या वर्गात त्या उभ्या राहिल्या. "बाबांसाठी विडी आणायला कोण कोण जातं?" त्यांनी विचारलं. जवळजवळ सगळे हात वर झाले. सिस्टर म्हणाल्या, "उद्यापासून नाही म्हणायचं. विडीने छाती खराब होते, सिस्टरनी सांगितलंय म्हणायचं." मी खुशीत मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या.

पुढच्या खेपेला एका मुलीने बाही वर केली, तर दंडावर काळेनिळे वळ होते.

"हे काय गं?"

"बाबांना नाही म्हटलं."

"मग विडी कोणी आणली?"

"मीच."

सिस्टरनी हातातली सुई खाली ठेवली. शाळा सुटल्यावर त्या तिचा हात धरून तिच्या चाळीकडे निघाल्या. फाटकापाशी वळून मला म्हणाल्या, "बाई, येता ना?"

मुलुंडला घरी पाहुणे यायचेत, असं मी सांगितलं. कोणी येणार नव्हतं.