खंडेनवमीचा विसावा

गोवा घटकराज्य होऊन बरीच वर्षं झाली होती आणि खाणी जोरात होत्या, तेव्हा मी डिचोलीला एका खाण कंपनीच्या ऑफिसात नेटवर्क सांभाळायची. माझे बाबा त्याच कंपनीच्या सुर्ल्याच्या खाणीवर पंप चालवायचे. खाण म्हणजे डोंगर पोखरून केलेला खोल खड्डा. त्याच्या तळाला पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी साचतं, ते सतत उपसावं लागतं. तिथे दोन पंप होते. एकाची जाळी गाळाने तुंबली की तो बंद करून बाबा खाली उतरत आणि ती खरवडून काढत. तेव्हा त्यांच्या पाठीशी ओल्या मातीचा उभा कडा असे.

पाण्याची पातळी मोजणारं यंत्र तळाशी होतं. वर काठावर पंपाची खोप, आणि त्या खोपीत राउटर, म्हणजे माहिती पुढे धाडणारी पेटी. तिच्यातून आकडे डिचोलीला माझ्या पडद्यावर येत. पाणी भरभर चढायला लागलं की मी डिचोलीतूनच खाणीवरचा भोंगा वाजवायचा आणि खालच्या माणसाने वर यायचं, अशी रीत होती. भोंग्याची कळ खाणीवरच का नाही, असं मी एकदा विचारलं. साहेब म्हणाले, सगळा कंट्रोल एका जागी असलेला बरा. ज्यांना कधी खाली उतरावं लागत नाही, त्यांनाच असं सुचतं.

आमचं मूळ दोडामार्गाकडचं, बिऱ्हाड डिचोलीजवळच्या सर्वणला. आईला बाबांची ही नोकरी नकोच होती. बाबांनी तिची समजूत काढली ती माझ्या जीवावर. "चेडू थंय बसान बघता मा," ते माझ्याकडे, त्यांच्या लेकीकडे, बोट करून म्हणाले, "मगे तुका कसली भीती?" आईने मग हरकत घेतली नाही. मला मात्र तेव्हापासून पाणी प्यायला उठतानाही मागे वळून पडद्याकडे बघायची खोड लागली.

त्या वर्षी पाऊस नवरात्रातही हटेना. त्याच सुमारास कंपनीच्या पणजीच्या ऑफिसातल्या इंजिनिअरने तिकडूनच आमच्या राउटरमध्ये शिरून लाइनचा पत्ता बदलला. राउटरचं असं असतं की केलेला बदल लगेच लागू होतो, पण तो वेगळा सेव्ह करावा लागतो. नाही केला, तर पेटी चालू आहे तोवर सगळं सुरळीत. एकदा बंद करून पुन्हा चालू केली की ती नवं विसरते आणि जुन्याच पत्त्यावर जाऊन बसते, जिथून आता डिचोलीला काहीच पोचत नाही. त्या गृहस्थाने सेव्ह केलं नव्हतं. खोपीत बॅटरी होती, त्यामुळे पेटी कधी बंद पडली नाही आणि कुणाला काही कळलंही नाही.

खंडेनवमीला आमच्यात अवजारं पुजतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. पंप थांबवणं शक्य नव्हतं, म्हणून बाबांनी ते चालू असतानाच त्यांना फूल वाहिलं. राउटरला मात्र त्यांनी विसावा दिला. बटण बंद करून पेटी पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला आणि मग ती परत चालू केली. हे सगळं मला नंतर कळलं.

डिचोलीत माझ्या पडद्यावरचे आकडे थांबले. शेवटचे आकडे चढते होते. मी राउटरला साद घातली, उत्तर नाही. लॉगिन होईना. भोंग्याची आज्ञा पाठवली, ती कुठेच पोचली नाही. खोपीतला फोन नुसता वाजत राहिला. फोन उचलत नाहीत म्हणजे बाबा खाली आहेत. मी स्कूटर काढली.

सुर्ल्याच्या रस्त्यावर एरवी खनिजाचे ट्रक जीव नकोसा करतात. त्या दिवशी ते हार घालून कडेला ओळीने उभे होते आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ज्या ट्रकांना मी रोज शिव्या घालायची, त्यांतला एखादा तरी चालता दिसावा असं मला वाटत होतं.

काठावरून बाबा दिसले. गुडघाभर पाण्यात वाकून जाळी खरवडत होते. त्यांच्या मागच्या कड्याला लांब भेग पडली होती. वरून ती स्वच्छ दिसत होती, खालून दिसणं शक्य नव्हतं. मी घसा फाटेस्तोवर ओरडले, पण दुसऱ्या पंपाच्या आवाजात त्यांना काही ऐकू जाईना. भोंगा माझ्या डोक्यावर खांबाला होता आणि त्याची कळ डिचोलीत. मी खोपीत धावले आणि पंपाचं लाल बटण दाबलं.

आवाज थांबला तसं त्यांनी वर पाहिलं. मी दोन्ही हातांनी वर या, वर या अशा खुणा केल्या. ते आधी फावडं घ्यायला वळले, तेव्हा मला त्यांचा इतका राग आला की रडू फुटलं. ते अर्ध्या वाटेवर आले असतील, आणि कडा बसला. फार मोठा आवाज झाला नाही. पंप, जाळी, ते उभे होते ती जागा, सगळं लाल चिखलाखाली गेलं.

खोपीत ते धापा टाकत बसले. आकडे थांबल्यापासून मला इथलं काहीच दिसत नव्हतं, असं मी सांगितलं तर त्यांना पटेना. त्यांनी राउटरकडे बोट केलं. कुंकवाच्या बोटाशेजारी हिरवा दिवा लागलेला होता.

"दिवो पेटललो आसा मा," ते म्हणाले. "म्हणान तर मी उतारलंय."

"बाबा, दिवो पेटलो म्हणजे पेटी चालू आसा, इतक्याच. माका दिसता असा न्हय."

त्यांनी पुन्हा दिव्याकडे पाहिलं. "मगे इतके दिवस मी काय बघून उतारतंय?" त्यांनी विचारलं. पावसाळ्यात ती लाइन कितीदा तुटायची, हे मला ठाऊक होतं. दिवा तेव्हाही लागलेलाच असायचा.

संध्याकाळी घरी आईने कपड्यांवरच्या चिखलाबद्दल विचारलं. तिच्यापर्यंत अजून बातमी पोचली नव्हती. "पाय घसारलो," बाबा म्हणाले. "चेडू बघता मा थंय." आईने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली.

"तू थंय आसस, ताच बरा," ती म्हणाली, आणि भात आधी माझ्या ताटात वाढला.