धुळीच्या बुटांची कोअर

गिरीश देवपुजारीच्या क्रॉयडनच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल होतं, पण दोन वर्षं त्यावर कोणी जेवलं नव्हतं. तिथे नेपोलियनच्या फौजेची पहिली कोअर, म्हणजे मोठी तुकडी, वाळत पडलेली असायची. बोटाच्या पेराएवढे, हाताने रंगवलेले चारशे शिपाई, आणि प्रत्येकाच्या पायांना गुडघ्यापर्यंत धूळ.

"बूट तरी चकचकीत रंगव की," त्याची बायको ऋजुता म्हणायची.

"चालून चालून पिट्ट्या पडलाय त्यांचा. चकचकीत कुठले?"

खरंच पडला होता. १६ जून १८१५ ला, वॉटर्लूच्या दोन दिवस आधी, एकाच दुपारी दोन लढाया पेटल्या: क्वात्र ब्रा आणि लिन्यी. वीस हजारांची ही कोअर क्वात्र ब्राकडे निघाली. वाटेत हुकूम आला, लिन्यीला वळा. लिन्यी दिसायला लागलं तर मागून दुसरा हुकूम, परत फिरा. पोचेपर्यंत अंधार झाला. दोन्ही लढाया त्यांच्याविना उरकल्या.

गिरीश नागपूरहून आलेला सॉफ्टवेअर टेस्टर. कंपनीने त्याला वर्षभर अर्धा आठवडा लेस्टरला, अर्धा क्रॉयडनला पळवलं. अप्रेझलमध्ये दोन्ही मॅनेजरांनी एकच लिहिलं: 'फारसा दिसला नाही.' गिरीशने मुकाट्याने सही केली. त्या सहीचा राग त्याला अजून पुरत होता.

जून २००५. चर्चच्या हॉलमध्ये, फाशांनी जुन्या लढाया खेळणाऱ्या वॉरगेम क्लबने दोन टेबलांवर दोन्ही लढाया मांडल्या. गिरीश डबे घेऊन पोचला. पंच होता कीथ, बसचा निवृत्त इन्स्पेक्टर.

"तुझी कोअर डब्यातच राहू दे," कीथ म्हणाला. "जी लढली नाही ती टेबलावर नाही. तिच्या नावाची चिठ्ठी ठेवतो."

"ती लांबून दिसली, शत्रूची वाटली, म्हणून नेपोलियनने हल्ला थांबवला. चिठ्ठी बघून थांबवला का?"

"गिरीश, शनिवार आहे. लेक्चर नको."

या वेळी मात्र गिरीश सही करणार नव्हता. त्याने दोन टेबलांच्या मधोमध जमिनीवर बसकण मारली आणि चौघाचौघांच्या रांगेत शिपाई मांडायला घेतले. रांग भिंतीपर्यंत गेली.

"हे काय? मी चहाकडे कसा जाऊ?"

"टेबलावर नाहीत ना? रस्त्यावर आहेत. लिन्यीला वळसा घाल."

कोणीतरी फिसकन हसलं. कीथ हसला नाही, पण वळसा घालून गेला.

कीथच्या घड्याळात लढाईचे पाच वाजले. परतीच्या हुकमाची वेळ. गिरीश एकेक शिपाई उचलून उलट्या तोंडाने ठेवू लागला. सगळ्यांची चाल झाल्याशिवाय घड्याळ पुढे सरकवायचं नाही, हाही कीथचाच नियम. दोन्ही टेबलांवरचे सेनापती हातात फासे धरून ताटकळले.

पंधरा मिनिटांनी कीथने विचारलं, "झालं का?"

"नाही," गिरीश मान वर न करता म्हणाला. "अजून दोनशे साठ आहेत. मोजून घे हवं तर."