दोनवाला की चारवाला

माझ्या डोक्यात एकदा तक्ता शिरला की शिरला. पंखा घ्यायचा असो की चप्पल, कागदावर दोन रकाने आखल्याशिवाय मी जागची हलत नाही. आई म्हणायची, "ही नवरा पाह्यतानाही तक्ता करन." करीनच. त्यात हसण्यासारखं काय आहे?

म्हणूनच बाबांसाठी जुना कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा सिविक सेंटर बाजारातल्या एका दुकानातून मी एक नाही, दोन उचलून आणले. ऑफिसांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर झाडून-पुसून विकणारं ते दुकान. मी एका खासगी शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे आणि शाळेचं काहीही बिघडलं की तिथेच धावायचे, त्यामुळे दुकानदार म्हणाला, "ले जाओ मैडम, चार दिन चला के देखो, जो जमे वो रख लेना." दोन डबे, एक मॉनिटर, एक कीबोर्ड, असा सगळा संसार ऑटोत मांडीवर घेऊन मी चरोद्याला घरी आले. उतरेपर्यंत पायाला मुंग्या आल्या होत्या.

दोघांचे प्रोसेसर दहा-बारा वर्षांचे, आणि नवे होते तेव्हाही स्वस्तातलेच. एकात दोन कोर, म्हणजे काम करणारे दोन जण म्हणा, पण दोघंही चपळ. दुसऱ्यात चार कोर, पण चारही जरा सुस्त. चारवाला वीज कमी खायचा, तापायचा नाही, आवाज करायचा नाही, आणि दोनवाल्यापेक्षा थोडा स्वस्तही होता. दोनवाल्याचा पंखा आपला सुरू केल्यापासून घरघर घरघर. माझं मन डबे उघडण्याआधीच कुणीकडे झुकलं होतं ते सांगायला नको.

आता बाबांचं सांगते. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. इथल्या यार्डात येणाऱ्या मालगाड्या तपासायचं त्यांचं काम. उजवा डोळा काचबिंदूनं केव्हाच गेला होता, डावा हळूहळू मंद होत होता. डाव्यानं मोठी अक्षरं नीट दिसतात, असं ते सांगायचे आणि आम्ही मान डोलवायचो. वाचनाचं या माणसाला वेड. पेपर हातात घेतला की निविदांच्या जाहिरातींपर्यंत सोडायचे नाहीत. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने बुद्धविहारात ग्रंथ वाचून दाखवायचे तेही बाबाच, आणि त्यांचा आवाज असा की मागच्या सतरंजीवरच्या म्हाताऱ्या बायाही जाग्या राहायच्या. दोन वर्षं झाली, "घसा बसते माझा" म्हणून ते बंद झालं होतं. पेपर मी वाचून दाखवायला बसले की पाच मिनिटांत म्हणायचे, "राहू दे व, तुले कामं असतीन." दुसऱ्याकडून वाचून घेणं त्यांना जड जायचं. मागून घेतलेल्या जेवणासारखं वाटायचं बहुतेक.

आणि नेमकं त्याच वेळी मला पुण्याची नोकरी लागली. सॉफ्टवेअर तपासण्याची, मला हवी होती तशी, तीन आठवड्यांनी हजर व्हायचं. आई अंगणवाडीत, सकाळी गेली की दुपारी परत. भाऊबहीण कोणी नाही. मी गेल्यावर बाबा आपलं आपण वाचू शकतील का, एवढाच प्रश्न होता. वाचू शकले तर मी जाणार. नाही तर पुण्याला नमस्कार. हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण मनात पक्कं होतं.

कॉम्प्युटरवर मी स्क्रीन रीडर बसवला होता. बाण दाबला की तो पुढची ओळ मोठ्यानं वाचतो, अक्षर टाइप केलं की अक्षर बोलतो. बाबांची शेवटची काही वर्षं ऑफिसात रिपोर्ट टाइप करण्यात गेलेली, त्यामुळे बोटांना कीबोर्ड पाठ. "डोळे थकले की ऐका, नाही थकले की मोठ्या अक्षरात वाचा," मी म्हटलं. बाबांनी तो यंत्राचा मराठी आवाज ऐकला आणि तोंड वाकडं केलं. "हा कोण बाबू हाये? नाकानं बोलते. सर्दी झाली काय याले?"

शनिवारचा दिवस मी तपासणीत घातला. दोघांत मेमरी सारखी, डिस्क सारखी, म्हणजे कोणाला तक्रारीला जागा नको. सुरू व्हायला किती वेळ, पेपरची साइट उघडायला किती, मोठी झिप फाइल उघडायला किती, एकाच वेळी पाच कामं दिली तर काय होतं. जवळजवळ प्रत्येक रकान्यात चारवाला पुढे. मी खूश. तक्ता बाबांना वाचून दाखवला.

बाबांनी दोन्हींवर अर्धा अर्धा तास बाण दाबून पाहिला आणि म्हणाले, "दोनवाला ठेव."

"कावून?"

"तुझा चारवाला विचार करून बोलते."

"म्हणजे?"

"बटन दाबलं का हा लगेच बोलते. तो आधी थांबते, मंग बोलते. एका ओळीचं काही नाई. पण मले दिवसभर वाचाचं हाये."

माझं डोकंच फिरलं. इतकी मेहनत करून आखलेला तक्ता, आणि हे कानानं निकाल देतात! मी म्हटलं, "बाबा, तो फरक पाव सेकंदाचाही नाही." बाबा म्हणाले, "पाव सेकंद लय असते." मग मला यार्डातली गोष्ट ऐकवली, जी मी लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. गाडी यार्डात शिरताना लायनीच्या कडेला बसायचं आणि चाकं ऐकायची. एखादं चाक कुठं चपटं झालं असेल तर दर फेऱ्याला ठक्क येतं. पन्नास वॅगनांत एक ठक्क. "ते ऐकाचा पगार घेतला मी तीस वर्षं. अन् तू मले पाव सेकंद सांगून राहिली."

खरं सांगायचं तर ते बरोबर होते, आणि मला ते शाळेतल्या पोरांना शिकवूनही सुचलं नव्हतं. बोलण्याचं काम एकामागून एक होणारं, ते एकच कोर करतो, बाकीचे तिघं नुसते बसून असतात. चहा गाळायला चार जण उभे केले म्हणून चहा लवकर गाळला जात नाही. गाळणाऱ्याचा हात चपळ पाहिजे. पण शनिवारी हे मी कशाला कबूल करते? मी म्हटलं, "पंख्याच्या आवाजावरून तुम्हाला कळतं कोणता कोणता आहे, अन् मनात भरला म्हणून तोच बरा वाटतो. उद्या कळू न देता परीक्षा घेते."

"घे नं बाई. एकदम घे."

रविवारी जेवणाआधी मी दोन्ही डबे टेबलाखाली सरकवले, वरून चादर सोडली, पंख्याची घरघर कळू नये म्हणून कूलर फुल्ल केला. बाबांच्या कानात इयरफोन. आई दारात लाल भाजी निवडत बसली होती आणि आमच्याकडे पाहून मान हलवत होती. पहिल्यांदा चारवाला लावला. बाबांनी एक पान ऐकलं, म्हणाले, "हा थांबते." बरोबर. मग मी टेबलाखाली शिरले, चारवाला बंद केला, कीबोर्ड आणि इयरफोन दोनवाल्याला लावला, तो सुरू केला. पाच मिनिटांनी बाबा आनंदानं ओरडलेच. कानात इयरफोन असला की माणूस ओरडूनच बोलतो. "हा! हाच तो! अन् अक्षरही एकदम साफ दिसून राहिलं व, मोठं मोठं!"

मी टेबलाखालून बाहेर आले. बाबा चष्मा लावून पडद्याकडे वाकले होते. एक हात बाणावर, दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावर, ओळीखालून डावीकडून उजवीकडे फिरवत होते. ओळ संपली की बोट खाली, पुन्हा डावीकडे.

पडदा काळा होता. मॉनिटरची वायर मी चारवाल्यालाच ठेवली होती, बदलायची विसरले होते. तिथं एक अक्षर नव्हतं.

मी तशीच उभी राहिले. "दिसते नं बाबा नीट?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे. इयरफोन थोडा सरकवून ते म्हणाले, "दिसते नं. तू कायजी नको करू." आणि बोट पुन्हा त्या काळ्या काचेवरून फिरायला लागलं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला काढली. राग आला होता, भयंकर. माझ्यावर, की मी रोज समोर बसून पाहिलं नाही. त्यांच्यावर, की लपवलं. कशासाठी लपवलं ते मला कळत होतं, म्हणून जास्तच राग. पुण्याचं पत्र आलं तेव्हा सगळ्यात आधी त्यांनीच ते हातात घेऊन "वा, वा" म्हटलं होतं. आता वाटलं, उलटंसुद्धा धरलं असेल.

जेवायला बसलो तेव्हा मी म्हटलं, "मी पुण्याला नाही जात. शाळाच बरी आहे. घरापासून जवळ आहे."

बाबांनी भात कालवला, घास घेतला, पाणी प्यायले. मग म्हणाले, "त्या दुकानदारानं मॉनिटरचे पैसे वेगळे लावले काय?"

"नाही. सगळा सेटच आहे."

"मंग मॉनिटर वापस करून दे. त्याच्या बदल्यात दोनवाल्यात मेमरी वाढवून माग. मॉनिटर माह्या काही कामाचा नाई."

माझा घास हातातच राहिला.

"मघाशी तू 'दिसते नं' विचारलं अन् तुझा आवाज बदलला," बाबा म्हणाले. "तवाच समजलं, काही तरी गडबड झाली. बंद होता काय पडदा?"

"हो."

"मले काईच दिसत नाई पोरी. उजेड समजते, बस. पह्यले सांगितलं असतं तं तू अडकून बसली असती. मीही काय करणार होतो, रिकामा बसून सगळ्यांचं तोंड ऐकत? आता या बाबूनं मले आज दोन पानं वाचून दाखवली. माह्या बोटानं, माह्या मनात आलं तवा. म्हणून सांगतो. आता सांगाले काही हरकत नाई. तू जाय."

मी हमसून हमसून रडायला लागले, उष्ट्या हातानं. "लपवायचं काय होतं हो एवढं? कोणाला कळलं नसतं असं वाटलं काय तुम्हाला?" असलं काहीबाही. आई मात्र शांतपणे बाबांच्या ताटात भाजी वाढत होती.

"मले माहीत हाये," ती म्हणाली.

बाबांचं तोंड तिच्याकडे वळलं. "कवापासून?"

"दोन वर्षं झाले. तुम्ही मोरीत निळा टॉवेल मांगितला अन् मी लाल देला, तं तुम्ही काई बोलले नाई तवापासून." तिनं वाटी त्यांच्या उजव्या हाताशी सरकवली. "तवापासून या घरातली एक खुर्ची हालू देली नाई मी. ही म्हणे सोफा खिडकीपाशी घेऊ, मी हिच्याशी भांडली. शेजारीण म्हणे पलंग फिरवून घ्या, हवा लागन, तिच्याशीही भांडली. तुम्हाले सांगाचं नव्हतं, मंग मी कायले विचारू?"

बाबांनी डावा हात पुढे केला, सरळ तिच्या गुडघ्यावर, जरासुद्धा न चाचपडता, कारण ती रोज जिथं बसायची तिथंच बसली होती.

पुण्याचं तिकीट मी त्याच दुपारी काढलं. काढताना इतकी रडत होते की कोणता बर्थ मिळाला ते दुसऱ्या दिवशी पाहिलं.