डब्यातले दोन हजार

पंच्याण्णव सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरखर्चाच्या डब्यात दोन हजार रुपये कमी भरले, आणि घरात मी आणि बायको दोघंच होतो. पैसे कुठं गेले हे मला ठाऊक होतं. देशकार्यासाठी वर्गणी मागत फिरणाऱ्या एका पुढाऱ्यानं आमच्या सोप्यात बसून तिला रणरागिणी म्हटलं होतं, आणि चहा देताना तिचा चेहरा उजळलेला मी पाहिला होता. वाद घालायचं त्राण नव्हतं, म्हणून मी वाचनालयातून एका जुन्या बंगाली कादंबरीचा अनुवाद आणला. तिच्यातली बायको अशाच एका देशभक्ताच्या नादानं नवऱ्याच्या तिजोरीला हात घालते. स्टोव्हपाशी बसून तिनं ती महिनाभर वाचली. पानांना रॉकेलचा वास लागला. "शेवटाला त्या बाईचं डोळं उघडलं की," मी म्हणालो. "तिचं उघडलं, पर नवरा हाय तसाच ऱ्हायला," ती म्हणाली. "समदं ठावं असून इचारत न्हाय. तुमी इचारलं असतं तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं." मी तेव्हाही काही विचारलं नाही आणि आजवर विचारलेलं नाही. पुस्तक परत करताना उशिराच्या दंडाचे सहा रुपये तेवढे ग्रंथपालाला दिले.