लेकीने काढलेले ताप

माझ्या मोठ्या बहिणीला सगळी वस्ती टोचणीबाई म्हणते. तिला त्याचा राग येत नाही. उलट कुणी नवखा माणूस "नर्सबाई" म्हणाला तर तीच त्याला दुरुस्त करते. तिचं काम म्हणजे दलदलीच्या काठच्या वस्तीत जायचं, पोरांना गोड बोलून पकडायचं आणि बोट टोचून दोन थेंब रक्त घ्यायचं. एक थेंब काचेवर, एक टिपकागदावर. काचेवर मलेरियाचे जंतू आहेत का ते आरोग्य केंद्रातच बघतात. टिपकागद मात्र लांबच्या प्रयोगशाळेत जातो. त्या पोराच्या अंगात मलेरियाशी लढणारी अँटीबॉडी आपोआप किती तयार झाली आहे, ते तिथे मोजतात. अँटीबॉडी हा शब्द ताई असा उच्चारते, जणू ती तिच्या माहेरची कुणी आहे. तिचं माहेर ते माझंही माहेर, आणि आमच्यात या नावाचं कुणी नव्हतं.

मेव्हणे गेल्यापासून मी तिच्याकडेच राहते. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, मागच्या खोलीत तिचा पलंग, आणि मधल्या दारात उभं राहून दोघींची भांडणं. एकदा ती मला केंद्रात घेऊन गेली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. तांबूस गोल पेशी आणि त्यात जांभळट ठिपके दिसले.

"हे रक्त ज्याचं आहे ना, तो बाहेर झाडावर चढलाय," ताई म्हणाली.

"म्हणजे तो आजारी आहे की नाही?"

"आहे पण आणि नाही पण."

मी तिला कोपरापासून हात जोडले. मग तिने समजावलं. या पोरांना अगदी लहानपणापासून पुन्हा पुन्हा ताप येतो. जी त्यातून उठतात त्यांचं शरीर हळूहळू शिकतं. जंतू अंगात राहतात, पण पोराला आडवं पाडू शकत नाहीत. आणि तान्ह्या बाळांना तर ही शिदोरी आईच्या पोटातूनच मिळते, पहिले काही महिने ताप सहसा त्यांच्या वाटेला जात नाही. मी मान डोलावली. निम्मं डोक्यावरून गेलं होतं, पण तिचा चेहरा इतका फुलला होता की पुढे विचारवेना.

तो चेहरा का फुलतो हे मला ठाऊक होतं. तिची लेक, म्हणजे माझी भाची, याच घरात वाढली. ती लहान असताना पावसाळा सरला की ताप ठरलेलाच. एकदा तर तिला झटके आले, डोळे पांढरे झाले, आम्ही आशा सोडली होती. पुढे दहाएक वर्षांची झाल्यावर तिचे ताप आपोआप थांबले. ते का थांबले हे ताईला नोकरी लागल्यावर समजलं, आणि तेव्हापासून ती या कामाच्या प्रेमातच पडली.

भाची शिकायला म्हणून लांबच्या शहरात गेली, तिथेच नोकरी, तिथेच लग्न. बारा वर्षांत ती इथे आली ती पाहुण्यासारखी, तीही उन्हाळ्यात, चार दिवस. यंदा मात्र चार महिन्यांच्या लेकीला घेऊन राहायला आली, नेमकी पावसाळा सरता सरता. लेकीचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण आम्ही तिला चिंगीच म्हणतो. चिंगीसाठी भाचीने छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी आणली होती. ताईने ती बघितली आणि हसली.

"हिला कशाला? गुदमरेल पोर. तू लहानपणी एवढे ताप काढलेस, त्याची सगळी अँटीबॉडी हिच्यात आलीये. सहा महिने हिला कोण हात लावतंय!"

"नक्की ना, आई?"

"अगं, मी रोज काय करते मग?"

मी मशीनवरूनच म्हटलं, "लावली तर काय बिघडतं?"

"तू आपली काजं कर," ताई म्हणाली. मच्छरदाणी कपाटावर गेली.

दोन आठवड्यांनी चिंगी तापली. ताई म्हणाली, कान दुखत असेल. दुपारी पोर दूध ओढेना. ताई म्हणाली, हवा बदलली की होतं असं. हेच दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर हिने दारातच सुई काढली असती. मी मशीन बंद केलं आणि ओरडले, "टोच तिला! गावभर टोचत फिरतेस ना?"

तिघी चिंगीला घेऊन केंद्रात गेलो. तान्ह्या बाळाची टाच टोचतात. ताईने ती टोचली, काच तयार केली, रंग दिला, डोळा लावला. मग भिंग पुसलं आणि पुन्हा डोळा लावला.

"काच बदलली असेल," ती म्हणाली.

"कुणाशी बदलणार? तुझ्यापुढे एकच काच आहे," मी म्हटलं.

तिने दुसऱ्या टाचेतून पुन्हा थेंब घेतला. भाची नुसती बघत होती, आईकडे आणि माझ्याकडे. माझा राग मस्तकात गेला होता, पण ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तो विरला. रस्ता पाठ असलेल्या माणसाला वळणावर आपलं घरच सापडू नये, तसं तिचं झालं होतं. शेवटी केंद्रातल्या तपासनिसाने तिला हलकेच बाजूला केलं, आत बघितलं आणि म्हणाला, "ताई, भरपूर आहेत. गाडी काढायला सांगतो."

रुग्णालयात पोहोचेपर्यंत चिंगीची मान कलली होती. तिला आत नेलं, सुई लावली, औषध सुरू झालं. आणि ताई? ती दारात डॉक्टरीणबाईंशी वाद घालत होती!

"पण आईकडून मिळतं ना बाळाला?"

"मिळतं. पण आईकडे असेल तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं जंतूंशी गाठच पडली नाही तर शरीर विसरत जातं."

"सगळं विसरतं?"

"सगळं नाही. पण किती विसरतं, किती उरतं, आणि उरलेलं बाळाला कितपत पुरतं, हे आम्हालाही नक्की सांगता येत नाही हो."

ताईला आपली चूक तरी धड सापडायला हवी होती, आणि इथे तर शिकलेल्या बाईही अर्ध्यावर थांबत होत्या. मी मागे वळून बघितलं तर भाची बाकावर अंगाची जुडी करून बसली होती. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या, आणि तिचे दात वाजत होते. आम्हाला वाटलं, भीतीने. ताईने तिच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. याच पोरीला दहाव्या वर्षानंतर कधी ताप आला नव्हता. तिचंही रक्त तपासलं. तिच्यातही जंतू निघाले.

मायलेकींना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चिंगी दूध ओढायला लागली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की धोका टळला. मी तोंडावर पदर घेऊन रडले. ताई रडली नाही. ती दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर बसली होती.

"म्हणजे ते सगळं फुकट गेलं का गं?" तिने मला विचारलं.

"काय फुकट गेलं?"

"हिने लहानपणी काढलेले ताप. मला वाटायचं, एवढं सोसलं, तर निदान काहीतरी पोरीच्या पदरात पडलंय. त्याच्यावर विसंबूनच तर मी मच्छरदाणी..." मी काय सांगणार, मला तर अजून धड कळलंही नव्हतं.

मग चिंगीने डोळे उघडले आणि ताईचा चेहरा एकदम उजळला. "जाऊ दे," ती म्हणाली, "आता हिच्यात तरी तयार व्हायला लागेल. पहिला ताप काढला माझ्या राणीने."

भाचीने अशक्त हाताने चिंगीला आपल्याकडे ओढून घेतलं. तिला राग आला असेल असं मला वाटलं होतं, पण आवाज अगदी साधा होता.

"आई, आपल्या शेजारी माझी मैत्रीण होती ना, मागच्या घरातली? तिला पण माझ्यासारखेच ताप यायचे ना गं?"

"हो," ताई म्हणाली.

"मग तिच्यात का नाही तयार झाली?"

मला ती मुलगी आठवली. ती तापातच गेली, तेव्हा तिच्यासाठी शिवायला घेतलेला झगा मी अर्धाच ठेवला होता. इतकी वर्षं ताई वस्तीतल्या पोरांची बोटं टोचत आली होती, आणि ती सगळी बोटं तापातून उठलेल्या पोरांची होती.

"तिला वेळच मिळाला नाही गं," ताई म्हणाली, आणि मग ती रडायला लागली.